पाऊस लागला की झडप उघडणाऱ्या कारखानदारास

कारखानदार साहेब,

पावसाची वाट आमच्या भातशेतकऱ्यापेक्षा तुम्हीच जास्त पाहता. सावित्री नदी गढूळ होऊन फुगली की रात्री तुमची सांडपाण्याची झडप उघडते. सकाळी नमुना घ्यायला आलेल्याला काय सापडणार? महाडकडून सुटलेलं ते पाणी आंबेत, म्हाप्रळ करत बाणकोटच्या खाडीला, म्हणजे आमच्या मंडणगड तालुक्याच्या दारात येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा पट्टा प्रदूषित म्हणून नोंदवला, तेव्हाही तुम्ही हात वर केलेत.

प्रदूषणावर कर म्हटला की तुम्ही लगेच कामगारांना पुढे करता. "कारखाना बंद पडेल, पोरं बेकार होतील." ज्या पोरांना वर्षानुवर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर ठेवलंत, त्यांचा कळवळा नेमका कराच्याच दिवशी येतो!

आणि कर होता तरी केवढा? 1977 च्या कायद्याने कारखान्याच्या पाणीवापरावर उपकर होता. विषारी, सहज न कुजणारी घाण करणाऱ्यांना 2003 पासून सगळ्यात वरचा दर होता हजार लिटरला 30 पैसे. दहा हजार लिटरचा टँकर नासवा, तीन रुपये टेकवा. पाणी शुद्ध करणाऱ्याला त्यातही 25 टक्के सूट होती, पण एवढ्याशा सुटीसाठी कोण यंत्रणा चालवणार? 2017 साली तोही उपकर रद्द झाला. इकडे मंडणगड स्टँडवरच्या रिक्षावाल्याची गाडी आठ वर्षांची झाली की त्याला राज्याचा पर्यावरण कर चुकत नाही.

बेकारीचं म्हणाल तर ती आमच्याकडे कधीच आली आहे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, म्हणून त्यांचं काम गेलेलं कोणी मोजत नाही. बोयटांना रॉकेलसारखा वास येतो. गिऱ्हाईक मासा उचलतं, हुंगतं आणि परत टोपलीत टाकतं.

कर कसा असावा ते बाहेर बघा. नेदरलँड्समध्ये 1970 च्या कायद्याने सांडपाण्यातल्या घाणीच्या भारावर आकार बसवला. तो वाचवायला कारखान्यांनी पाणी आपणहून शुद्ध करायला घेतलं. जर्मनीने 1999 मध्ये इंधन आणि विजेवर पर्यावरण कर लावला आणि त्यातला मोठा वाटा पेन्शनच्या वर्गणीकडे वळवला. त्यामुळे मालकाला माणूस ठेवणं स्वस्त पडलं. शुद्धीकरणालाही ऑपरेटर, फिटर, केमिस्ट लागतातच की.

आम्हालाही तसाच कर हवा आहे. पाणी किती वापरलं यावर नको, त्यात विष किती सोडलं यावर हवा, आणि बोचेल एवढा हवा. जो खरंच शुद्ध करून सोडेल त्याला भरघोस सूट द्या. आलेल्या पैशातून लहान कारखान्यांच्या कामगारांचा पीएफ भरा आणि तिसरीवाल्या बायकांना भरपाई द्या. मीटर मात्र तुमच्या फाटकाबाहेर बसेल, आणि त्याचा रोजचा आकडा म्हाप्रळला फळ्यावर लागेल, पावसाळ्यातसुद्धा.

खाडीकाठचा एक रहिवासी,
ता. मंडणगड, जि. रत्नागिरी