ओल्या कचऱ्याची सर्वसाधारण सभा

ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, शिळा भात, चहाचा चोथा आणि स्वयंपाकघरातील जे जे कुजू शकते ते सर्व, त्याचे खत होण्यास हवा, ओलावा, सूक्ष्मजीव आणि काही आठवड्यांचा अवधी एवढ्याच गोष्टी पुरतात, असे कृषिशास्त्र मानते. मात्र सुरतेच्या पांडेसऱ्यातील अपार्टमेंटांचा अभ्यास करणाऱ्यास या यादीत कमिटीचा ठराव, तीन कोटेशने, पार्किंगमधील एक जागा आणि तळमजल्यावरील रहिवाशांची संमती यांची भर घालावी लागते. आणि यांपैकी शेवटची वस्तू निसर्गात कोठेही सापडत नाही.

कचऱ्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत या शहराने सप्टेंबर १९९४ मध्ये मोजली. प्लेगच्या भीतीने लाखो माणसे तेव्हा गाठोडी उचलून निघून गेली; पुढच्या वर्षी आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित कचेऱ्यांतून उठवून रोज रस्त्यावर उभे केले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक पटकावला. या इतिहासातून सुजाण रहिवाशाने काढलेला निष्कर्ष असा की, सफाई हे आयुक्तांचे काम असून कचरा उंबरठ्याबाहेर पडताक्षणी त्यावरील आपली मालकी संपते. त्यापुढे तो गाडीत बसून खजोदच्या कचराडेपोत जातो. याच खजोदमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये हिऱ्यांच्या व्यापाराची भव्य इमारत, डायमंड बोर्स, उद्घाटित झाली. हिरा कार्बनाचा आणि खताचा जीवही कार्बनच. तरीही या दोन भावंडांपैकी एकाच्या वाट्याला तिजोरी येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला नाकावरचा रुमाल, ही बाब जातिव्यवस्थेच्या अभ्यासकांनी नजरेखालून घालण्याजोगी आहे.

कायद्याने कचऱ्यावरील हा मालकीहक्क रहिवाशास परत देण्याचा प्रयत्न केला, हे नमूद केले पाहिजे. एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या, कुंपणबंद वसाहतींना ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवण्यास सांगितले. त्यातून भूमितीतील एक चमत्कार उजेडात आला: फ्लॅट विकताना जिना, लिफ्ट आणि गच्चीवरची हवा यांच्यासह फुगलेले क्षेत्रफळ हा नियम वाचताच आकसू लागले. पांडेसऱ्यातील बहुतेक इमारतींना तेवढेही कष्ट घ्यावे लागले नाहीत, कारण त्या मुळातच लहान आहेत. आणि कायद्याने जे करायला लावलेले नाही ते करणे हा कायद्याचा अवमान ठरेल, अशी शंका तेथील कमिट्यांना प्रामाणिकपणे वाटत असावी.

अशातही एखाद्या उत्साही सेक्रेटरीने खताचे पिंप आणलेच, तर प्रश्न रसायनशास्त्राकडे जातो. ढिगातील कार्बन आणि नायट्रोजन यांचे वजनी प्रमाण सुमारे ३० ला १ असावे लागते, आणि त्यासाठी ओल्या कचऱ्यात वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावा लागतो. तो न मिसळल्यास ढिगात हवा खेळत नाही, प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू माजतात आणि दुर्गंधी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर पोहोचते. पाला मिळत नाही, कारण झाड पार्किंगसाठी तोडलेले असते. सुके म्हणून पिंपात पडतात त्या पॉलिएस्टर साड्यांच्या चिंध्या, ज्या या वस्तीच्या पोटापाण्याचा पुरावा असल्या तरी कुजण्यास ठाम नकार देतात. शेजारच्या बमरोलीत शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांना विकले जाते, म्हणजे मैलापाण्यालाही गिऱ्हाईक आहे. केळीच्या सालीला मात्र तिसऱ्या मजल्यावरून पिंपापर्यंत नेणारा माणूस मिळत नाही.

या प्रकरणातील सर्वांत विद्वत्तापूर्ण भाग म्हणजे रहिवाशांना खत करण्याचे प्रशिक्षण. पांडेसरा, उधना, लिंबायत आणि डिंडोली या पट्ट्यात ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथील कामगारांबरोबरच जळगाव, धुळे आणि नंदुरबारहून आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या गावी घरामागे उकिरडा असे, म्हणजे शेण, राख, पालापाचोळा आणि खरकटे थरावर थर टाकून वर्षभर मुरवलेला ढीग, जो पेरणीआधी गाडीत भरून शेतात जाई. शेतकऱ्यांना आपले प्राध्यापक मानणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी असल्याच ज्ञानाला इंदूरच्या संस्थेत प्रयोगांची शिस्त लावली आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये ग्रंथ लिहिला. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ते ज्ञान जगभर फिरले. आता ते प्रोजेक्टरवर बसून परतले आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. येथे शंभरेक वर्षे लागली, आणि फिटले ते व्याख्यात्याचे. सभागृहात मागच्या रांगेत बसलेली, गावी चाळीस वर्षे उकिरडा राखलेली सासू ‘थर’ या विषयावरील स्लाइड पाहते, आणि ‘काही शंका?’ या प्रश्नाला सवयीने मान हलवून नकार देते.

तेव्हा कमिटीने पिंप आणि प्रोजेक्टर यांची कोटेशने बाजूस ठेवून इमारतीतील अशा दोन-तीन सासवांची तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक करावी, अशी शिफारस येथे करणे क्रमप्राप्त आहे. यासाठी पात्रतेच्या रकान्यात थोडी दुरुस्ती लागेल. मानधनाची तरतूद मात्र नको, कारण जे काम घरातल्या बाईचे मानले जाते त्याला मोबदला न देण्याबाबत सर्व सभासदांचे एकमत असून, संपूर्ण कार्यक्रमपत्रिकेत तेवढा एकच ठराव विनाचर्चा मंजूर होण्यासारखा आहे.