दोन फेऱ्यांच्या मधला माणूस

रविवारी सकाळी नोएडाच्या आमच्या सोसायटीत ठकठक सुरू झाली की समजायचं, काका जिन्याखाली बसले. समोर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर पाने, पक्कड, दात पडलेला टूथब्रश, पॉलिशपेपर आणि काकूंना न विचारता आणलेल्या ताटलीत स्कूटरचा प्लग. स्कूटर म्हणजे 1986ची बजाज चेतक. काका सातारचे, ती आकुर्डीची. दोघांनी मिळून दिल्लीत संसार केला, असं काकू म्हणतात.

लोक गाडी बिघडली की उघडतात. काका ती धडधाकट असताना उघडतात. "बाहेरून आली ना? मग आधी बघायचं काय झिजलं, काय सैल झालं." हाच नियम कुकरच्या शिट्टीला, छत्रीला आणि माहेरून परतलेल्या काकूंच्या सुटकेसच्या चाकांनाही लागू. सगळ्याची वहीत नोंद. रकाने चार: तारीख, काय आढळलं, काय केलं, पुढची फेरी.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीनं सहज विचारलं, "काका, रॉकेट परत आलं की त्यालाही असंच पुसतात का हो?"

काकांनी ब्रश खाली ठेवला. पुढचे दोन आठवडे प्लगला हात लागला नाही. काका वाचत होते.

तिसऱ्या रविवारी जिन्याखाली वर्ग भरला. काकांनी प्लग वर धरला. "हा काळा का झाला? टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी बसते. आता हे बघा." मोबाइलवर फाल्कन 9चा फोटो होता. मूळचं पांढरं रॉकेट परत आलं ते चुलीवरच्या पातेल्यासारखं काळं होऊन. "हे रॉकेलवर चालतं. आपल्या स्टोव्हातल्यापेक्षा शुद्ध, पण रॉकेलच. खालच्या टप्प्याला नऊ इंजिनं. तो पायांवर उभा उतरतो. मग उरलंसुरलं इंधन काढायचं, इंजिनं तपासायची, गळती बघायची, पाय ठीक करायचे आणि डोक्यावर नवा कोरा दुसरा टप्पा बसवायचा. या खालच्या टप्प्याला बूस्टर म्हणतात. काही बूस्टर तर तीसहून जास्त वेळा उडालेत."

"आणि काजळी?"

"ती सगळी काढत नाहीत," काका नाइलाजानं म्हणाले.

"ऐकलंत का?" वरून काकूंचा आवाज आला. "काजळीनं त्यांचं काही अडत नाही!"

2025 मध्ये एक बूस्टर नऊ दिवसांत पुन्हा उडाला, हेही काकांना फारसं रुचलेलं नाही. नऊ दिवसांत त्यांचा कार्ब्युरेटर वाळत नाही. त्यांचं खरं मन बसलं अमेरिकेच्या स्पेस शटलवर. अंगाला सुमारे चोवीस हजार फरशा! वातावरणात शिरताना यानाला भट्टीत घातल्यासारखी धग लागते, ती अडवायला या वाळूपासून बनवलेल्या हलक्या फरशा. प्रत्येकीचा नंबर वेगळा, आकार वेगळा; एकीच्या जागी दुसरी बसत नाही. यान उतरलं की माणसं एकेक फरशी बघत, तडकलेली काढून नवी चिकटवत. वर आणखी एक काम. फरशीत पावसाचं पाणी मुरू नये म्हणून भरलेलं औषध त्या धगीत जळून जाई. म्हणून दर फेरीनंतर फरशांना सुईनं ते पुन्हा टोचायचं. इंजेक्शन म्हटल्यावर मुलं दोन पायऱ्या मागे सरकली.

"सगळ्यात लवकर अटलांटिस हे शटल पुन्हा तयार झालं, 1985 साली. दोन उड्डाणांत अंतर 54 दिवस. याला म्हणतात बघणं!" काकांचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा दिसत होता.

पण काकांवर खरा परिणाम केला तो सुतार पक्ष्यांनी. 1995 साली डिस्कव्हरी हे शटल उड्डाणाला उभं असताना त्याच्या मोठ्या टाकीवरच्या फोमला या पक्ष्यांनी चोचींनी दोनशेच्या आसपास भोकं पाडली. उड्डाण पुढे ढकलावं लागलं, आणि पक्ष्यांना हुसकायला नासानं प्लास्टिकची घुबडं बसवली. आमच्याकडे कबुतरं आहेत आणि त्यांचा रोख स्कूटरच्या सीटवर असतो. दुसऱ्याच दिवशी हँडलला प्लास्टिकचं घुबड आलं. तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर कबुतर बसलं होतं. वहीत नोंद आहे.

"एखादा तुकडा निघाला तर?" एका मुलानं विचारलं.

काका थोडा वेळ पाना पुसत राहिले. "2003. कोलंबिया शटल. वर जातानाच टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर बसला. सोळा दिवसांनी परत येताना तिथून धग आत शिरली. कल्पना चावला आत होती. आपल्या कर्नालची." मग त्यांनी ब्रेकची केबल पुन्हा एकदा ओढून पाहिली. ती ठीकच होती.

आपल्या इस्रोच्या पंखवाल्या पुष्पक यानानं मात्र काकांना लाडू वाटायला लावले. 22 मार्च 2024 रोजी चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरनं ते साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. 23 जूनला पुन्हा तेच केलं. तेच पंख, तेच धड, तीच यंत्रणा. "तीन महिन्यांत!" काकांनी चेतकवर थाप मारली.

"आणि ही शेवटची कधी गेली?" तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं विचारलं.

काकांनी वही मिटली. पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी दिल्ली-एनसीआरच्या रस्त्यावर नको, यावर 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून काका भाजीलाही मेट्रोनं जातात. वहीतला चौथा रकाना रिकामा आहे, पहिले तीन दर रविवारी भरतात.

त्याच मेट्रोनं त्यांनी मुलांना तीन मूर्तीच्या नेहरू तारांगणात नेलं. एप्रिल 1984 मध्ये राकेश शर्मा ज्यातून पृथ्वीवर परतले, ती सोयुझ टी-10 या यानाची कुपी तिथे ठेवली आहे. धगीत करपलेली, खरबरीत. सोयुझची कुपी एकदा उतरली की तिचं काम संपलं. तिला पुन्हा उडवायचं नसतंच, हे मुलांनीच काकांना समजावलं.

"म्हणून काय चाळीस वर्षांत कुणी पुसूही नये?" काका म्हणाले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. रखवालदार वेळेवर आला.

तुम्हीही जाऊन बघा. लोक कल्याण मार्ग स्टेशनवर उतरायचं. सोमवारी तारांगण बंद असतं. पॉलिशपेपर घरी ठेवून जा.