पुनर्बांधणी चालू आहे

मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या चाहत्याला फक्त एवढंच विचारा, "यंदा कुणाला विकायचं?" पुढचा तासभर तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन 2013 मध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून इथे पुनर्बांधणी सुरूच आहे. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मोयेसना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांच्या आत नारळ. पुढे जो प्रशिक्षक आला त्याने आधीच्याची खरेदी अडगळीत टाकून नवी यादी काढली. चाहत्याची यादी मात्र खिशात तयारच असते: बचावफळी अख्खी बदला, मधली फळी विका, गोलरक्षकाचं नंतर बघू.

मधल्या फळीतल्या पॉल पोग्बाचंच घ्या. 2012 मध्ये तो जवळजवळ फुकटात युव्हेंटस क्लबला गेला. 2016 मध्ये त्यालाच सुमारे 89 दशलक्ष पौंड मोजून परत आणला. 2022 मध्ये करार संपला आणि स्वारी पुन्हा फुकटात रवाना, तीही युव्हेंटसलाच! असं गिऱ्हाईक सराफालाही जन्मात भेटत नाही.

तो गेल्यावर कित्येकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मग आता त्याच्या पैशांत कोण आणायचा, यावर वाद पेटला. कुठले पैसे, हे कुणी विचारलं नाही.