परोपकारार्थ धावण्याचे शास्त्र : एक प्राथमिक मार्गदर्शन

परोपकारार्थ धाव म्हणजे सुदृढ माणसाने, कोणीही पाठलाग करत नसताना, ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर अंतर पायांनी कापणे आणि या श्रमाचा दाखला देऊन परिचितांकडून तिसऱ्याच कोणासाठी पैसे जमवणे, अशी या विधीची ढोबळ व्याख्या करता येईल. या व्यवहारात धावणारा, देणारा आणि गरजू असे तीन पक्ष असतात. त्यांपैकी पहिल्याला दम लागतो, दुसऱ्याला संकोच वाटतो, आणि आपल्या नावाने शहरातले रस्ते पहाटेपासून बंद आहेत याची तिसऱ्याला बहुधा खबरही नसते. धावल्याने रुग्णाची शस्त्रक्रिया होत नाही आणि पूरग्रस्ताच्या घरावर पत्रे चढत नाहीत, हा आक्षेप बिनतोड असला तरी या शास्त्रात तो गैरलागू मानला जातो, कारण मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज वाटते, आणि तोच हात घामाने भिजलेला असला की ती लाज बरीच कमी होते, एवढेच येथे धावण्याचे प्रयोजन आहे.

इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणभूमीवरून अथेन्सपर्यंत धावत जाऊन विजयाची वार्ता देताच कोसळलेल्या दूताची कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती कित्येक शतकांनंतरच्या ग्रंथांतून आलेली असून लढाईच्या काळाला जवळचा असलेला हेरोडोटस हा इतिहासकार वेगळीच हकिकत देतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फिडिपिडीस हा दूत लढाईपूर्वी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, धावत गेला, दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला आणि त्याने मदत मागितली. स्पार्टाच्या लोकांनी मदतीची पूर्ण तयारी दाखवली, मात्र पौर्णिमेपूर्वी बाहेर पडणे आपल्या नियमात बसत नाही, असे कळवले. पौर्णिमेनंतर २,००० स्पार्टन खरोखरच आले, पण तोवर लढाई संपली होती, तेव्हा त्यांनी रणांगणावर पडलेले इराणी सैनिक पाहिले, अथेन्सवासीयांची तोंडभरून स्तुती केली आणि ते घरी परतले. नवोदिताने हा उतारा मुखोद्गत करावा, कारण देणगीदारांच्या स्वभावाविषयी पुढे जे सांगावयाचे आहे, त्यातले निम्मे त्यात येऊन गेले आहे.

मदत मागताना मागणाऱ्याने कष्ट का सोसावेत, या प्रश्नाचा विचार ऑलिव्होला आणि शाफिर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात केलेला आढळतो. सत्कार्यासाठी यातना किंवा श्रम सोसावे लागणार असतील, तर माणसे सुखासुखी देण्यापेक्षा अधिक देण्यास तयार होतात, या प्रवृत्तीला त्यांनी 'हौतात्म्य परिणाम' म्हटले; कार्य मानवी दुःखाशी निगडित असेल तर हा परिणाम ठळक दिसतो, आणि बागबगीच्यासारख्या आनंदाच्या कार्यासाठी मात्र लोकांना सहभोजनच बरे वाटते, असेही त्यांना आढळले. यावरून साधकाने धडा घ्यावा की, कर्करोगाच्या रुग्णांसाठी धावावे आणि उद्यानासाठी बटाटेवडे खावेत. यांची अदलाबदल केल्यास दोन्हीकडचे उत्पन्न घटते. यातनांची मात्रा वाढवण्याचे प्रगत प्रयोगही झालेले आहेत. लॉइड स्कॉट या रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या गृहस्थांनी २००२ सालची लंडन मॅरेथॉन पाणबुड्याचा जुन्या घडणीचा, सुमारे ५९ किलो वजनाचा पोशाख चढवून पाच दिवसांहून अधिक वेळात पूर्ण केली. नवोदिताने आरंभी साध्या बनियनवरच भागवावे.

या शास्त्रात एक नाव असे आहे की, तेथे मार्गदर्शकाने आपला खोडकर स्वर बाजूला ठेवणे इष्ट. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली गुडघ्याच्या वरून कापावा लागला, आणि १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायाने देश आडवा पार करण्यासाठी सेंट जॉन्स येथून धावण्यास आरंभ केला. रोज साधारण एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचे निष्पन्न झाले आणि थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. पुढल्या जूनमध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो वारला. पहिल्या गावांत त्याच्याकडे फारसे कोणी फिरकलेही नव्हते, आणि या धावेतून कोणत्याही कंपनीच्या मालाची जाहिरात करण्यास त्याने नकार दिला होता, या दोन गोष्टी आजच्या साधकाने प्रायोजकांची सतरा बोधचिन्हे छापलेला सदरा डोक्यातून घालताना आठवून पाहाव्यात. सदरा घालू नये असे मात्र येथे सुचवायचे नाही, कारण तो फुकट मिळतो.

महाराष्ट्रात या व्यवहाराची दिशा एके काळी उलटी होती, ही बाब अभ्यासकांनी दुर्लक्षिलेली दिसते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांची गती पाहून सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठवण्याचा पुढाकार घेतला आणि त्या खर्चात स्वतःची भर घातली. त्या चमूतील बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. त्या वेळी धावणाऱ्याकडे पैसे नव्हते म्हणून पैसेवाल्याने निधी उभारला. आता पैसेवाला स्वतःच धावतो आणि निधीही इतरांकडून उभारतो. २००४ साली सुरू झालेली आणि २०१८ पासून टाटांचे नाव धारण करणारी मुंबई मॅरेथॉन ही या बदलाची प्रयोगशाळा मानता येईल.

स्पर्धेत शिरकाव मिळवणे ही पहिली पायरी होय. २०२५ च्या लंडन मॅरेथॉनसाठी ८ लाख ४० हजारांहून अधिक लोकांनी सोडतीत अर्ज केले होते आणि शर्यत पूर्ण करणारे ५६ हजारांच्या घरात होते, यावरून आपल्याला त्रास व्हावा या इच्छेच्या मानाने त्रासाचा पुरवठा किती तोकडा आहे हे कळते. ज्याचे नाव सोडतीत निघत नाही, त्याच्यासाठी सेवाभावी संस्थांनी घेऊन ठेवलेल्या राखीव जागा असतात. संस्था धावकाला बिब, म्हणजे छातीवर टाचण्याचा क्रमांकाचा कागद, देते आणि मोबदल्यात त्याने ठरावीक किमान रक्कम जमवून देण्याची हमी भरायची असते. २०२४ च्या लंडन मॅरेथॉनमधून सुमारे ७ कोटी ३५ लाख पौंड उभे राहिले, ते सगळे केवळ करुणेपोटी उभे राहिले असे मानण्याचे कारण नाही. त्यांतल्या बऱ्याच रकमेमागे ही हमी आणि ती पुरी न झाल्यास रक्कम पदरची भरावी लागेल ही धास्ती असते, आणि परोपकाराला धास्तीची जोड मिळाली की तो वेळेवर होतो.

आता या शास्त्राचा गाभा, म्हणजे मागणी. महाराष्ट्राला वर्गणीची परंपरा आहे, परंतु वर्गणी मागणारे पाच-सहा जण पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहतात, त्यातला एक जण पेनाचे टोपण उघडूनच बोलतो, आणि नकार द्यायचा तर तो तोंडावर द्यावा लागतो. धावकाच्या हाती असतो एक दुवा, जो व्हॉट्सॲपवरून पाठवता येतो आणि तितक्याच सहजपणे न पाहिल्यासारखा करता येतो. म्हणून संदेशाची रचना विचारपूर्वक करावी. आरंभी 'नमस्कार, सर्व ठीक ना?' असे लिहू नये, कारण गेल्या दिवाळीनंतर प्रथमच झालेली ही विचारपूस कशासाठी आहे ते वाचणाऱ्याला तेथेच समजते. दुसऱ्या परिच्छेदात किलोमीटरचा आकडा यावा, तिसऱ्यात गरजूंचा, आणि चौथ्यात रकमेचा; हा क्रम उलटल्यास वाचक चौथ्यापर्यंत येत नाही. कुटुंबाच्या समूहात संदेश टाकायचा झाल्यास सकाळची सुविचारांची आणि गुलाबाच्या फुलांची चित्रे येऊन गेल्यावर, साधारण साडेनऊला टाकावा.

देणगीच्या पानावर पहिली रक्कम कोणाची दिसावी, हे संदेश पाठवण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागते. रिकाम्या पानावर कोणी पैसे भरत नाही, आणि पहिल्याने ५०१ भरले तर पुढचे वीस जण ५०१ च भरतात. याकरिता सुस्थितीतला एखादा मामा हेरून त्याच्याकडून ५,००१ आधी भरून घ्यावेत आणि मगच दुवा सर्वत्र सोडावा. कचेरीतील वरिष्ठांनी भरलेली रक्कम ही त्या खात्याची कमाल मर्यादा ठरते, कारण साहेबांहून अधिक दानशूर दिसणे कनिष्ठांना परवडत नाही.

प्रतिसादांचे वर्गीकरण येणेप्रमाणे करता येते. जोडलेल्या हातांचे चित्र पाठवणाऱ्याने विषय संपवलेला असतो. 'पगार झाला की नक्की' असे लिहिणारा हा पौर्णिमेची वाट पाहणारा स्पार्टन समजावा. 'पैशांपेक्षा आमच्या शुभेच्छा महत्त्वाच्या' असे म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. चौथा वर्ग '८०जी मिळेल का?' असे विचारणाऱ्यांचा; ८०जी हे नाव १९६१ च्या आयकर कायद्यातील कलमावरून आले असून त्या तरतुदीनुसार मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर, बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेइतकी, करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते, परंतु ही सवलत जुन्या करप्रणालीतच लागू आहे आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. नव्या प्रणालीत गेलेले आप्तही हा प्रश्न नेमाने विचारतात. त्यांना वजावट नको असते; देण्यापूर्वी काहीतरी विचारावे लागते, एवढेच.

सरावाविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण त्यावर पुष्कळ ग्रंथ आहेत आणि ते न वाचताही घोटा दुखतोच. एवढे ध्यानात ठेवावे की, स्नायू व यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे पिठूळ आहारातून साठवलेली साखर, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते आणि पाय जागच्या जागी खिळल्यासारखे होतात. धावक या अवस्थेला 'भिंत' म्हणतात. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर नेमका या भिंतीनंतर येतो. काखा, मांड्या आणि छातीवर कापड घासून कातडी सोलवटते, यासाठी तेथे व्हॅसलीन फासावे. परोपकाराच्या गौरवग्रंथांतून हा तपशील गाळलेला असतो.

प्रत्यक्ष दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात दोन पंथ पाहावयास मिळतात. पूर्ण मॅरेथॉनवाले अंधारातच निघतात, त्यांच्या सदऱ्याला बिब चार टाचण्यांनी लावलेला असतो आणि त्यांतली एक तिरकी लागली म्हणून ते शेवटपर्यंत अस्वस्थ असतात. दुसरा पंथ सुमारे सहा किलोमीटरच्या 'ड्रीम रन'चा. तेथे वेळेला महत्त्व नसून वेशभूषेला असते, आणि जनजागृती मुख्यत्वे याच पंथाकडे सोपवलेली आहे. जनजागृती म्हणजे जे लोकांना ठाऊक आहे ते फलकावर लिहून त्यांच्या समोरून नेणे. परंतु रविवारी सकाळी रस्त्यावर जागृत करण्याजोगे लोक मोजकेच भेटतात, आणि फलक वाचणारा बहुतेक प्रत्येक जण स्वतःही एक फलक धरून असतो. परिणामी अवयवदानवाले प्लॅस्टिकबंदीवाल्यांना जागृत करतात आणि प्लॅस्टिकबंदीवाले पाण्याची बाटली शोधत असतात. ज्यांच्याकडून काही शिकावे असे लोक कडेला उभे असतात: संत्र्याच्या फोडींचे ताट धरून 'घ्या, घ्या, मीठ लावलंय' म्हणणाऱ्या आजी, चिक्कीचे तुकडे वाटणारी शाळकरी मुले, आणि कोणाच्याही गुडघ्यावर न विचारता वेदनाशामक फवारणारे काका. त्यांनी कोणताही दुवा पाठवलेला नसतो.

शर्यतीनंतर पदकासह छायाचित्र प्रसिद्ध करावे. देणगी न देणारे सर्व परिचित तेथे अभिनंदनासाठी हजर होतात, आणि त्यांच्याशी सौजन्याने वागावे. संस्थेकडे किती रक्कम जमली व ती कोठे खर्च झाली हे विचारून देणाऱ्यांना कळवणे शास्त्रसंमत आहे, तथापि हा टप्पा पाळणारे साधक विरळा. अंगठ्याचे काळे पडलेले नख गळून नवे येईपर्यंत काही महिने जातात, आणि त्याच सुमारास मागील वर्षीच्या एखाद्या दात्याचा संदेश येतो की, तोही आता धावणार आहे. अशा वेळी त्याच्या कार्याचे नाव पाहण्यापूर्वी आपली जुनी यादी उघडावी. संदेशाच्या अखेरीस त्याने 'फूल ना फुलाची पाकळी' असे लिहिलेले असते. गेल्या खेपेला त्याची पाकळी १,००१ ची असेल तर तितकेच भरावेत, आणि त्याने त्या वेळी केवळ जोडलेले हात पाठवले असतील, तर पौर्णिमा केव्हा आहे ते पंचांगात पाहून तसे कळवावे.