किनारा तयार, समुद्र येतोय

पोखर्णी नृसिंह स्टेशनवर उतरलं की समुद्राशी असलेलं आमचं एकमेव नातं समोर दिसतं. रेल्वेच्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आमच्या या पट्ट्यात ती चारशे मीटरच्या आसपास भरते. ज्या गावानं समुद्र बघितलेला नाही, त्याला तो किती खाली आहे हे सांगून रेल्वेला काय मिळतं, कोण जाणे. समुद्र वर यायला लागला तर आपल्याकडे वेळ किती आहे ते कळावं, म्हणून ती पाटी लावलीय, अशी माझ्या आजोबांची समजूत होती. आजोबांना कसलीच घाई नव्हती.

हे आठवायचं कारण आमचा मुंबईकर मित्र. त्याचं कुलदैवत इथलं. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंह जयंतीला, तो दरवर्षी बायको-लेकरांसह येतो. यंदा त्याच्या आठ वर्षांच्या लेकीनं गाडीतून पाय खाली ठेवायच्या आत विचारलं, "काका, इकडचा बीच कुठंय?" तिच्या वर्गातले निम्मे अलिबागला आणि निम्मे गोव्याला गेले होते. तिच्या बॅगेत पोहण्याचा पोशाख होता, प्लास्टिकची बादली होती, फावडं होतं आणि फुगवायचं एक पिवळं बदक होतं.

संध्याकाळी कट्ट्यावर आमची बैठक बसली. मी, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, कृषी सेवा केंद्रवाला मित्र आणि मुंबईकर. विषय एकच, लेकरांना समुद्र दाखवणे. अरबी समुद्र रेल्वेनं पाचशे किलोमीटरच्या पुढं. बंगालचा उपसागर सोपा, गोदावरीत उतरायचं आणि सरळ चालत सुटायचं. वाटेत पत्ता विचारायची गरज नाही.

"जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणता ना?" मुंबईकर म्हणाला. "जर्मनीला उत्तरेकडं चांगला किनारा आहे."

हा घाव वर्मी बसला. म्हण करणाऱ्यानं नकाशा बघायला हवा होता.

"खारं पाणीच पाहिजे ना?" कृषी केंद्रवाला म्हणाला. "आमच्या बोअरला चारशे फुटांवर लागलंय. लोणारला जायची सुद्धा गरज नाही."

शेवटी गुरुजींनी तोडगा काढला. "गंगेला जाऊ." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. "किनारा आहे, वाळू आहे, लेकरं खेळतील."

"आणि पाणी?"

"पाणी येणार आहे," गुरुजी म्हणाले. ज्या शांतपणे ते म्हणाले, त्या शांतपणासाठी माणसाला मराठवाड्यातच जन्म घ्यावा लागतो.

आणि गुरुजी खोटं काय बोलले? सह्याद्रीच्या पलीकडं पडणारं पाणी समुद्रात वाया जातं आणि ते उचलून मराठवाड्यात आणायचं आहे, हे आम्ही प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. दमणगंगा, वैतरणा, उल्हास ही कोकणातल्या नद्यांची नावं आमच्या पोरांना भूगोलाच्या आधी प्रचारसभेत पाठ होतात. मधे सगळा मराठवाडा नळांनी जोडणारी वॉटर ग्रिडही येऊन गेली. म्हणजे तिची बातमी येऊन गेली. थोडक्यात, समुद्राच्या तोंडचा घास आमच्या नावावर मंजूर आहे. तो पोचला की समुद्र अर्धपोटी आणि आम्ही किनाऱ्यावर. तेव्हा आपण समुद्राकडं कशाला धावायचं? समुद्रच फायलीतून आपल्याकडं निघालेला आहे. किनारा आधीच बांधून तयार आहे.

तसा पाऊसही समुद्राकडूनच येतो. पण त्याचं अनुदानासारखं आहे. मुंबईहून निघताना भरपूर असतो, वाटेत घाटमाथ्यावर बराचसा उतरवून घेतात, आणि आमच्यापर्यंत ढगाचा आकार तेवढा पोचतो.

खुद्द गोदावरीचाही स्वभाव बघा. त्र्यंबकेश्वरला उगम होतो तिथून अरबी समुद्र उणापुरा ऐंशी किलोमीटर. पण बाईनं हाताशी असलेल्या समुद्राकडं पाठ फिरवली आणि १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला गेली. केवळ आम्हाला भेटायला तिनं हा वळसा घेतला, अशी आमची श्रद्धा आहे. मधे १९७६ साली पैठणला जायकवाडीचं धरण झालं आणि नाथसागर भरला. सागर हा शब्द तेव्हापासून आमच्या सरकारी कागदात आहे. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. कालव्याला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. अथर्वशीर्षाचंही आवर्तनच असतं. दोन्हींत फळ मिळतं ते श्रद्धेवर, आणि दोन्हींत शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत प्रसाद पोचेलच असं नाही.

तर गंगेला जायचं ठरलं. आता वेळेचा प्रश्न. वैशाखात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला रोजच शिवतो. दिवसा बाहेर पडता येत नाही. रात्री घरात बसता येत नाही, कारण लाईट जाते. हिरण्यकश्यपूला वर होता की ना दिवसा मरण ना रात्री, ना घरात ना बाहेर. मग देवानं सांजवेळ गाठून उंबरठ्यावर त्याचा निकाल लावला. हा देव आमच्या गावात का रमला ते उन्हाळ्यात कळतं. मे महिन्यात पोखर्णीच्या माणसाला जिवंत राहायला तेवढीच वेळ आणि तेवढीच जागा उरते.

म्हणून पहाटे पाचला निघायचं ठरलं. चार कुटुंबांचं पाच म्हणजे साडेआठ. कृषी केंद्रवाल्यानं पाहुण्यांची पांढरी क्रूझर मागून आणली होती. तीत नऊ मोठी माणसं, सात लेकरं, वीस लिटरचे पाण्याचे दोन जार, तीन टरबुजं, धपाट्यांचा डबा, ठेच्याची बरणी, पातेलंभर सुशीला आणि घरूनच फुगवून आणलेलं बदक. बदकाला खिडकीची जागा मिळाली.

परळीच्या वाटेनं गंगाखेडकडं निघालो आणि गावाच्या अलीकडंच एका आडबाजूच्या पाणंदीनं नदीत उतरलो. संत जनाबाईंच्या गावची ही गंगा. मराठीत नदीकाठच्या वाळूला वाळवंट म्हणतात आणि जिथं पाण्याचा टिपूस नाही त्या मुलखालाही वाळवंटच म्हणतात. संतांच्या काळात या दोन अर्थांत फरक होता. पाटबंधारे खात्याच्या काळात भाषा सोपी झाली.

वाळवंटात गाडी थांबली आणि चमत्कार घडला. समोरच्या पात्रात पाच-सहा ट्रॅक्टर उभे होते, माणसं पाट्या भरत होती. आमची पांढरी क्रूझर दिसताच झाडाखालचा एक पोरगा मोटारसायकलवर टांग टाकून फोनवर बोलत पळाला. दहा मिनिटांत पात्र रिकामं. वाळूच्या धंद्यात या पोरांना 'लोकेशन'वाले म्हणतात. वाळूचोरी पकडणाऱ्या पथकाची गाडी कुठून निघाली, कुठल्या वळणावर आहे, हे पथकाच्या ड्रायव्हरच्या आधी त्यांना ठाऊक असतं. आमची गाडी त्यांच्या यादीत नव्हती, म्हणून घोटाळा झाला.

थोड्या वेळानं तोच पोरगा लांबून वळसा घालून जवळ आला. त्यानं आमच्याकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, मग बदकाकडं बघितलं.

"साहेब, कारवाई हाय का?"

"नाही बाबा. लेकरं खेळायला आणलीत."

"इथं?" त्याच्या आवाजात खरी काळजी होती. "मोठा खड्डा हाय तिकडं. लेकरं त्या अंगाला जाऊ देऊ नका."

सबंध दिवसात नदीविषयी आम्हाला मिळालेली ही एकमेव अधिकृत सूचना.

खड्डे मात्र खरोखर बघण्यासारखे होते. समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटी असते. आमच्या किनाऱ्यावर नुसती ओहोटी असते, आणि ती वाळूला लागते. वाळूचं मोजमाप ब्रासमध्ये होतं, शंभर घनफुटांचा एक ब्रास. २०२३ साली सरकारनं डेपोवरून सहाशे रुपये ब्रास इतकी स्वस्त वाळू जाहीर केली, तेव्हा नदीतली सुद्धा वाळू तो भाव ऐकून हबकली असेल. दोन वर्षांत ते धोरण गेलं आणि पुन्हा लिलाव आले. धोरणं येतात-जातात, ट्रॅक्टर तेवढा नित्यनेमानं येतो.

लेकरांना या अर्थशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. मुंबईकराच्या लेकीनं किल्ला बांधायला घेतला. आमच्या पोरांनी ओल्या वाळूत पाय घालून खोपे केले. कृषी केंद्रवाल्यानं किल्ल्याला दोन बुरूज वाढवले. गुरुजींनी चारी बाजूंनी वितीनं मोजून हिशेब केला आणि जाहीर केलं की किल्ला एक दशांश ब्रासचासुद्धा नाही, रॉयल्टी भरायचं कारण नाही. एका डबक्यात गुडघाभर हिरवं पाणी होतं, त्यावर तीन म्हशींचा आधीच ताबा होता. म्हणून बदक कोरड्या वाळूवर ठेवलं आणि त्यावर एकेक लेकरू बसवून दोरीनं ओढलं. म्हशी मान वळवून बराच वेळ बघत होत्या. पाण्याचं साधन कोरड्यात चालवणारी माणसं त्यांना नवी नसावीत. वरच्या-खालच्या अंगाला ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस असे बंधारे आहेतच.

मुंबईच्या वहिनींनी लेकरांना उन्हाचं मलम फासलं. आमच्या बायकांनी डोक्याला उपरणी गुंडाळली. चौपाटीवर भेळ खातात म्हणून आम्ही सुशीला वाढली. भिजवलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. मुंबईकर म्हणाला, ही तर ओली भेळ. आमच्या घरच्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पाहुणा होता. टरबूज कापलं. पूर्वी याच वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या असत, उन्हाळ्यात नदीकाठीच फोडून खायचं. हे टरबूज आम्ही बाजारातून विकत आणून नदीला दाखवलं.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एका कुटुंबाचा दहावा चालू होता. तिथं महाराज, मुंडण केलेली मुलं, पंचवीसेक नातेवाईक आणि वाळूवर ठेवलेला पिंड. कावळा काही शिवत नव्हता. कावळे सगळे आमच्याकडं होते. समुद्रावर पांढरे पक्षी घास झडपतात म्हणे, आमच्याकडं तेच काम काळे करतात. एकानं मुंबईकराच्या लेकीच्या हातातलं धपाटं उचलून नेलं. ती टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, त्यानं खाल्लं!" पलीकडच्या पंचवीस माणसांनी एकदम आमच्याकडं बघितलं. इतक्या असूयेनं आमच्या डब्याकडं कुणी कधी बघितलं नसेल.

आम्ही शरमेनं डबे झाकले. तरी कावळा पिंडाजवळ जाईना. मग तिकडं रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. थोरला हात जोडून म्हणाला, "तात्या, धाकट्याचं लग्न करतो." कावळा हलला नाही. "तात्या, बहिणीचं माहेर तोडणार नाही." कावळ्यानं मान वाकडी केली. महाराज दर्भाकडं हात न्यायला लागले. तेवढ्यात कडक इस्त्रीतले एक पुढारी नातेवाईक पुढं सरसावले आणि भाषणाच्या सुरात म्हणाले, "तात्या, पुढच्या उन्हाळ्याच्या आत आपल्या शिवाराला पाणी आणून दाखवतो!"

जवळ आलेला कावळा उडून थेट पलीकडच्या काठावरच्या लिंबावर जाऊन बसला.

कुणी काही बोललं नाही. गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "कावळ्याला मतदानाचा हक्क नाही म्हणून. असता तर शिवला असता."

शेवटी दहा-अकरा वर्षांचा एक नातू पुढं झाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पिंडासमोर बसून खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, उद्यापासून तुमच्या म्हशीला मी पाणी पाजतो. दोन टाइम."

कावळा आला. शिवला.

ऊन डोक्यावर आलं तसे आम्ही आवरून निघालो. क्रूझर पाणंदीला लागली तसा मागं ट्रॅक्टरांचा आवाज सुरू झाला. किनारा पूर्ववत कामाला लागला. मुंबईकराची लेक दमून झोपली होती. झोपण्याआधी तिनं सांगितलं की हा बीच छान होता, फक्त समुद्राला सुट्टी होती.

दोन दिवसांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. पाटीवरची उंची तशीच होती. बदक मात्र तेवढ्या गर्दीत नेणं जमलं नाही. ते आता गुरुजींच्या ओसरीवर खुंटीला टांगलेलं आहे, हवेसकट. मी म्हटलं, हवा काढून घडी घालून ठेवू, जागा अडते. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. पाणी आलंच, तर फुगवण्यात वेळ जायला नको."