किलिमांजारोला हातभार

हाटकेशच्या आमच्या सोसायटीतले एक सद्गृहस्थ गरीब मुलांच्या शिक्षणासाठी टांझानियातला किलिमांजारो चढणार आहेत. उंची ५८९५ मीटर. आपलं कळसूबाई जेमतेम १६४६. तेवढ्या उंचीवरून गरिबी नीट दिसत नाही, हे मान्यच करायला हवं. वर्गणीतून आधी विमान, वाटाड्या, हमाल, बूट; उरेल ते मुलांना. हमालही तिथले गरीबच, म्हणजे ओझंसुद्धा सत्कारणी. याच न्यायाने यापुढे रक्तदानही स्वित्झर्लंडलाच व्हावं.

परवा लिफ्ट बंद होती. खांद्यावर सिलिंडर घेऊन सातव्या मजल्यावर चढलेल्या गॅसवाल्याने वर वीस रुपये मागितले. सद्गृहस्थांनी त्याच्याकडे पावती मागितली.

इच्छुकांनी वर्गणी रविवारपर्यंत द्यावी. क्यूआर कोड गेटवर लावला आहे.