करमणुकीचा महसूल

मनोरंजनासाठी द्रव्य खर्च करावे किंवा न करावे, या प्रश्नावर आमच्या पुणे शहरात पूर्वापार एकमत असून, जो काही वाद आहे तो खर्च न करता मनोरंजन कोणत्या मार्गाने पदरात पाडून घ्यावे एवढ्यापुरताच आहे. व्याख्यानमाला फुकट, गणेशोत्सवातील गाणे फुकट, आणि शेजाऱ्यांचे भांडण तर, जिन्याकडचा दरवाजा किंचित उघडा ठेवण्याची तसदी घेतली असता, उत्तम प्रतीच्या ध्वनीसह फुकट. अशा या सुसंस्कृत नगरीत दरमहा वर्गणी भरून घरबसल्या करमणूक विकत घेण्याची चाल केबलच्या तारेने पाडली, आणि ती चाल निदान आपल्या घरापुरती मोडावी या उद्योगात माझ्या प्रौढ वयातील पुष्कळशी बुद्धी खर्ची पडली आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला, आणि बरोबर वीस वर्षांनी, १९९२ सालच्या त्याच तारखेस, झी टीव्ही अवतरला. ज्या महात्म्याने आजन्म मितव्ययाचा पुरस्कार केला त्याच्याच जयंतीवर हे दोन्ही प्रसंग यावेत, यात नियतीची विनोदबुद्धी दिसते. त्यातही पहिल्या खेपेचा खर्च बेताचा होता. यंत्र एकदा घ्यावे, छपरावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा ॲन्टेना सिंहगडावरील मनोऱ्याकडे तोंड करून उभा करावा आणि पोस्टात जाऊन परवान्याचे वार्षिक शुल्क भरावे, की झाले. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यास सरकारने परवानाही रद्द केला आणि काही वर्षे तमाम रयतेने दूरदर्शन निष्कर पाहिले. तो आपल्या इतिहासातील सुवर्णकाळ होय. केवळ तो चालू असताना आम्ही सर्व जण त्याला नावे ठेवण्यात गुंतलो असल्यामुळे ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

मग १९९१ साली आखातात युद्ध पेटले, ते परदेशी वाहिनीवर साक्षात पाहण्याची सोय झाली, आणि पाठोपाठ आमच्या शहराचीच वाटणी झाली. ती कोणी केली, कोणत्या दप्तरी नोंदली गेली, याचा कागद उपलब्ध नाही. परंतु पिंपळाच्या पारापासून पिठाच्या गिरणीपर्यंतच्या मुलखाचे वतन एका इसमाकडे आणि गिरणीपलीकडचे दुसऱ्याकडे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरासही ठाऊक असे. आमच्या मुलखाचे वतनदार मोटारसायकलवरून आले, गच्चीवरून सोडलेली काळी तार त्यांनी खिडकीच्या चौकटीला भोक पाडून घरात घेतली, आणि तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडचा एक मुलगा पावतीपुस्तक काखोटीला मारून वसुलीस येऊ लागला. चित्र दिसत नसल्याची फिर्याद त्याच्यापुढे मांडली असता, 'काका, मेन लाइनलाच फॉल्ट आहे,' असे तो सांगे. ही मेन लाइन कोठे उगम पावते आणि कोठे लुप्त होते, हे सरस्वती नदीइतकेच गूढ असून, तिचे दर्शन झालेला एकही ग्राहक मला भेटलेला नाही.

तरीही या कारभाराची सवय झाली होती, कारण त्यात विचार करावा लागत नसे. विचार करण्याची आपत्ती आली ती २०१९ च्या फेब्रुवारीत, जेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे जनसामान्यांच्या भाषेत ट्रायचे, नवे फर्मान अमलात आले. ग्राहकाने पाहावयाच्या वाहिन्या स्वतः निवडाव्यात आणि तेवढ्यांचेच मोल द्यावे, असा त्याचा उदात्त आशय होता. पहिल्या शंभर वाहिन्या घरापर्यंत वाहून आणण्याचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर मिळून १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरांत दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या. आणि ज्या वाहिन्या सशुल्क त्यांची किंमत याहून निराळी, गठ्ठ्यात बांधावयाच्या वाहिनीस कमाल १९ रुपये. यातील चाळीस पैसे कोणी व कोणत्या नाण्यात द्यावयाचे याचा खुलासा फर्मानात नव्हता. परंतु आमच्या वतनदारांनी तो प्रश्न वरच्या पूर्ण रुपयात, किंबहुना वरच्या दहाच्या पटीत, स्वतःच्या जबाबदारीवर सोडवला.

वसुलीचा मुलगा एक छापील यादी देऊन गेला आणि तिच्यावर खुणा करण्यासाठी आमच्या घरी मसलत बसली. मातोश्रींना सायंकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंत मराठी मालिका हव्या होत्या, आणि त्या परस्परांशी वैर असलेल्या दोन वाहिन्यांवर वाटल्या गेल्या असल्याने दोन्ही वाहिन्या हव्या होत्या. सौभाग्यवतींना पाककृतींची वाहिनी हवी होती, जिच्यावर पाहिलेला एकही पदार्थ आमच्या पानात आजवर पडलेला नाही. चिरंजीवांना क्रीडेच्या झाडून साऱ्या वाहिन्या हव्या होत्या. कन्येने 'मला काहीच नको, मी फोनवर बघते,' असा वैराग्याचा पवित्रा घेतला होता खरा, परंतु एखादी वाहिनी यादीतून खोडावी तर तीच नेमकी तिच्या जिव्हाळ्याची निघे. मला स्वतःला बातम्यांपलीकडे काही नको असून बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या निःशुल्क असल्यामुळे या जमाखर्चातील माझा हिस्सा जवळजवळ शून्य होता, ही गोष्ट मी बैठकीच्या निदर्शनास आणली.

"अहो, बातम्या तुम्ही बघता, पण ऐकाव्या लागतात आम्हाला सगळ्यांना," सौभाग्यवती म्हणाल्या. "त्याची भरपाई कोण देणार?"

हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये अशी मी विनंती केली. बेरीज झाली तेव्हा असे आढळून आले की, निवडीचे स्वातंत्र्य मिळण्यापूर्वी गुलामगिरीत असताना आम्ही जेवढी रक्कम देत होतो, तिच्याहून स्वातंत्र्याची रक्कम ठळकपणे अधिक भरते. त्याच क्षणी मला या व्यवहारातील मूलतत्त्व उमगले. दूरचित्रवाणीचा खर्च वाहिन्यांच्या संख्येवर कधीच अवलंबून नसतो. तो घरातील माणसांच्या मतभेदांवर बसवलेला सारा असतो. जे कुटुंब एकचित्त होऊन एकच वाहिनी पाहील त्यास नियामकाचे भय नाही. परंतु अशा कुटुंबाचा वृत्तान्त मी अद्याप पुराणांतही वाचलेला नाही.

पुढील वर्षी फर्मान दुरुस्त होऊन शंभराच्या जागी दोनशे वाहिन्या आल्या, त्याने मतभेदांना अधिक विस्तीर्ण क्षेत्र मिळाले एवढेच. सबब पर्याय शोधणे प्राप्त झाले. पहिली तजवीज चिरंजीवांनी मांडली, ती अशी की तार तोडून इंटरनेटवर भिस्त ठेवावी. नेटफ्लिक्सने केवळ मोबाइलवर पाहावयाची मासिक वर्गणी २०२१ च्या डिसेंबरात १९९ रुपयांवरून १४९ वर आणली, ती वार्ता त्यांनी मला विजयी मुद्रेने वाचून दाखवली. या मार्गातील ग्यानबाची मेख अशी की, प्रत्येक वर्गणी एकेकटी पाहिली असता इतकी क्षुल्लक दिसते की तिला नकार देणे हा कद्रूपणा वाटावा, आणि सर्व क्षुल्लक वर्गण्या एका कागदावर मांडल्या असता केबलवाला हा संतपुरुष वाटू लागतो. शिवाय मातोश्रींची मालिका तळहाताएवढ्या पडद्यावर लावून पाहण्याचा प्रयोग झाला, त्यात नायिका रडते आहे की शिंकते आहे याचा निवाडा होण्यापूर्वीच मधली जाहिरात लागली.

मधल्या काळात नागपूरच्या भाचीच्या परवलीच्या शब्दावर आमचे बरे चालले होते. भाची दिलदार, आम्ही निःसंकोच. परंतु २०२३ च्या जुलैत त्या परदेशी कंपनीने असे जाहीर केले की, एका खात्याचा उपभोग एकाच घरातील माणसांनी घ्यावा. आमचे म्हणणे असे होते की मामा आणि भाची हे एकच घर होय, मध्ये विदर्भ आणि मराठवाडा आडवे आले म्हणून नाते तुटत नाही. परंतु ज्या हिंदू अविभक्त कुटुंबाला खुद्द आयकर खात्याने मान्यता दिली आहे, त्याला ही कंपनी ओळख देण्यास तयार नव्हती.

मातोश्रींनी माळ्यावरचा जुना ॲन्टेना काढावा असे सुचवले. त्यांना हे सांगणे जिवावर आले की दूरदर्शनचे ते जुने भूप्रक्षेपण देशभर जवळजवळ सर्वत्र २०२२ च्या मार्चपर्यंत बंद करण्यात आले असून, त्या दांड्यांवर आता फार तर मोजे वाळू शकतील.

अखेरीस ज्या पर्यायाने माझे चित्त हरण केले तो म्हणजे डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सरकारी योजना खेड्यापाड्यांतून घरोघर पोचली असताना आमच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांच्या पेठांत तिची चर्चाही होऊ नये, हे आश्चर्य होय. छत्री, पेटी आणि बसवण्याची मजुरी मिळून सुमारे दोन हजार रुपये एकदाच द्यावेत. तदनंतर मासिक वर्गणी शून्य, रिचार्ज शून्य, पावतीपुस्तक घेऊन येणारा मुलगा शून्य. खासगी वाहिन्या तेथील जागेसाठी लिलावात बोली लावतात आणि प्रसार भारतीस पैसे मोजतात, सबब प्रेक्षकाने काही द्यावयाचे उरत नाही. दुसऱ्याने भरलेल्या पैशांवर आपण पाहावे, हे तत्त्व आमच्या शहराच्या परंपरेशी इतके सुसंगत आहे की ते दिल्लीत कोणाला सुचले असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

क्रिकेटच्या बाबतीत तर या छत्रीस कायद्याचे अधिष्ठान आहे. २००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिनीला प्रसार भारतीस द्यावे लागते. आणि २०१७ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ते चित्र दूरदर्शनने स्वतःच्या भूप्रक्षेपणावर व फ्री डिशवर दाखवावे, केबलवाल्यांनी आणि खासगी डीटीएच कंपन्यांनी ते पुढे पोचवू नये. याचा व्यावहारिक अर्थ असा की, दरमहा पैसे मोजणारा गृहस्थ दूरदर्शन लावून त्या वेळी दुसरेच काही पाहत बसतो आणि कवडीही न देणारा मनुष्य भारताचा एकदिवसीय सामना पाहतो. न्यायशास्त्राच्या साऱ्या इतिहासात काटकसरी माणसाचा एवढा सन्मान दुसऱ्या कोणी केलेला नसेल.

गच्ची ही सोसायटीची सामाईक मिळकत असल्याने अर्ज करणे ओघानेच आले. सचिवांनी तो दोन प्रतींत मागितला, स्लॅबला भोक पडून गळती झाल्यास अर्जदार जबाबदार राहील असे हमीपत्र घेतले, आणि तरीही निर्णय पुढील सभेवर ढकलण्याच्या बेतात असता छत्रीचे तोंड कोणत्या दिशेस राहील, अशी पृच्छा केली. ज्या उपग्रहावरून हे सारे प्रक्षेपित होते तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर स्थिर असल्याने पुण्याहून तो आग्नेयेस येतो, असे बसवणाऱ्या कारागिराने सांगताच सचिवांचा चेहरा एकदम निवळला. ते वास्तुशास्त्राचे निष्ठावंत अभ्यासक. विजेवर चालणारे कोणतेही उपकरण अग्नीच्या दिशेस असणे शुभ, असे सांगून त्यांनी तेथल्या तेथे सही केली. उपग्रह वायव्येस असता तर माझी दरखास्त आजही दप्तरात धूळ खात पडली असती. सुदैवाने तो क्षितिजापासून साठएक अंश उंच असल्याने, समोर पुनर्विकासात उठलेल्या इमारतीच्या माथ्यावरून त्याचे चित्र बिनदिक्कत आमच्या घरात उतरते. फक्त आषाढ-श्रावणात एखादी दांडगी सर कोसळली की ती बारीक लांबीच्या लहरींना सोसत नाही, आणि वृत्तनिवेदिकेचा चेहरा चौकोनाचौकोनांत विभागला जाऊन काही काळ आधुनिक चित्रकलेचा आस्वाद घ्यावा लागतो.

उरला प्रश्न मातोश्रींचा, कारण त्यांच्या दोन्ही सशुल्क वाहिन्या फ्री डिशवर नाहीत. तो प्रश्न समोरच्या घराशी झालेल्या तहाने सुटला. समोरच्यांनी केबल ठेवली आहे, मालिकांच्या वाहिन्या घेतल्या आहेत, आणि क्रीडेच्या वाहिन्या महाग म्हणून वगळल्या आहेत. मातोश्री सायंकाळी विणकाम घेऊन तिकडे जातात. सामन्याच्या दिवशी समोरचे काका उशी घेऊन इकडे येतात. दोन्ही घरांत मिळून आज सर्व काही दिसते, आणि पैसे एकाच घरातून जातात.

तेव्हा केबलला स्वस्त पर्याय शोधणाऱ्या वाचकांस माझी आग्रहाची विनंती अशी की, छत्रीच्या दुकानात जाण्यापूर्वी त्यांनी शेजाऱ्याने कोणते पॅक घेतले आहे याची नीट चौकशी करावी. आणि तोही केबल बंद करण्याच्या विचारात आहे असे कानावर आल्यास, वाटेल ते करून त्याला त्या अविचारापासून परावृत्त करावे.